चक्रीवादळाचं इंधन
(नागपुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. नागपुरात बसून समुद्रातल्या वादळाची चर्चा कशाला, असं काहींच्या मनात असेल. म्हणून आधी नकाशा बघू. सरळ रेषेत मोजलं तर मुंबई आपल्यापासून सातशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि विशाखापट्टणम पावणेसहाशे. म्हणजे आपल्याला जवळचा समुद्र बंगालचा उपसागर. पावसाळ्यात विदर्भावर येणारी कमी दाबाची क्षेत्रं बहुतेक तिथूनच येतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात वेचणीला आलेला कापूस भिजवणारा पाऊसही कितीदा तिथल्याच एखाद्या वादळाचा उरलेला भाग असतो.

चक्रीवादळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वारा येतो. उन्मळलेली झाडं, उडालेले पत्रे. पण वादळाचं इंधन पाणी आहे, त्याला जोर पाण्यामुळे चढतो आणि त्यात बहुतेक माणसं दगावतात तीही पाण्यानेच. हे नीट कळलं तर बाकीच्या गोष्टी आपोआप जुळत जातात.

सुरुवात घरातल्या कूलरपासून करू. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश तापमान असतं, आणि कूलरच्या ओल्या ताट्यांमधून आलेली हवा अठ्ठावीस-तीस अंशांवर उतरते. ही उष्णता गेली कुठे? ताटीवरच्या पाण्याची वाफ झाली, तिने ती उचलली. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे पंचवीस लाख ज्यूल उष्णता लागते. ती नाहीशी होत नाही, वाफेत दडून राहते. म्हणून तिला सुप्त उष्णता म्हणतात. वाफेचं परत पाणी झालं की तेवढीच्या तेवढी उष्णता हवेला मिळते. समुद्राच्या पृष्ठभागावर कूलरचं काम चालतं आणि ढगात त्याच्या उलटं. चक्रीवादळाचं इंजिन म्हणजे या दोन क्रिया, एक खाली आणि एक वर.

ही उष्णता किती, ते हिशेबाने पाहू. नागपूर शहराचं क्षेत्रफळ सुमारे २२७ चौरस किलोमीटर. त्यावर दिवसभरात शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर तेवढं पाणी ढगात तयार होताना सुटलेली उष्णता सुमारे दीड हजार कोटी युनिटांहून जास्त भरते. कोराडीच्या वीज केंद्रातले ६६० मेगावॅटचे तिन्ही संच एक मिनिटही न थांबता पूर्ण क्षमतेने चालवले, तरी तेवढी वीज तयार व्हायला जवळपास अकरा महिने लागतील. आणि हे फक्त एका शहरावरच्या एका दिवसाच्या पावसाचं झालं. वादळाचा पाऊस शेकडो किलोमीटरच्या घेऱ्यात दिवसेंदिवस पडत असतो. या प्रचंड उष्णतेचा अगदी किरकोळ हिस्सा, शेकडा अर्धा टक्काही नाही, वाऱ्याच्या वेगात उतरतो. तेवढ्यावर गावंच्या गावं आडवी होतात.

आता प्रश्न असा की उष्ण समुद्र तर वर्षातले कितीतरी महिने असतो, मग वादळं इतकी मोजकीच का होतात? कारण बऱ्याच अटी एकाच वेळी जुळाव्या लागतात. समुद्राचं तापमान साडेसव्वीस अंशांच्या वर हवं, आणि तेही नुसतं पृष्ठभागावर असून भागत नाही, पन्नास-साठ मीटर खोलीपर्यंत हवं. जागा विषुववृत्तापासून साधारण पाच अंश दूर हवी, कारण हवेला वळवणारा कोरिऑलिसचा परिणाम विषुववृत्तावर शून्य असतो. तिथे कमी दाब निर्माण झालाच, तर हवा सरळ आत घुसून तो भरून काढते. वामेई नावाचं वादळ २००१ साली सिंगापूरजवळ, विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर झालं होतं, पण तसं उदाहरण विरळाच. तिसरी अट मधल्या थरातल्या ओलाव्याची आणि चौथी विंड शिअरची. या शेवटच्या दोघींकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण होऊ घातलेली बहुतेक वादळं त्यांच्यापायीच मरतात.

उपसागरात अंदमानच्या आसपास गडगडाटी ढगांचा एक पुंजका तयार झाला आहे असं समजा. कधी पॅसिफिकमधल्या मावळलेल्या टायफूनचा अवशेष थायलंड ओलांडून तिथे पोचलेला असतो, कधी विषुववृत्ताजवळ पश्चिमेचे वारे अचानक जोर धरतात. अशा पुंजक्यातले ढग पहिले एक-दोन दिवस स्वतःचंच नुकसान करत असतात. तीन ते सहा किलोमीटर उंचीवरची हवा कोरडी असेल, तर पडणारा पाऊस वाटेतच सुकतो. सुकताना त्या हवेतली उष्णता घेतो, हवा गार होऊन जड होते आणि धाडकन खाली येते. वैशाखात दुपारनंतर आपल्याकडे वावधन सुटतं, पाऊस दोन थेंब आणि गार वारा भरपूर, त्यामागे हेच कारण असतं. समुद्रावर ही गार, कोरडी हवा पृष्ठभागाशी पसरली की पुढच्या ढगांचा दाणापाणीच बंद होतो. पुंजका विरून जातो. बातमीत आलेलं कमी दाबाचं क्षेत्र दोन दिवसांत नाहीसं होतं, त्यामागे बरेचदा हा कोरडेपणा असतो.

पण ढग त्याच जागी पुन्हा पुन्हा उठत राहिले, तर प्रत्येक पावसागणिक मधला थर थोडा थोडा ओला होत जातो. एक वेळ अशी येते की पडणारा पाऊस वाटेत सुकतच नाही. खाली येणारे गार झोत थांबतात. तिथून पुढे ढगात सुटलेली उष्णता वाया न जाता मध्याच्या स्तंभात साठू लागते. वादळाचा जन्म नेमका कोणता म्हणायचा, तर माझ्या मते हाच क्षण. वाऱ्याचा वेग तोवर तीस-चाळीस किलोमीटरच असेल, नावही मिळालेलं नसेल, पण इंजिन सुरू झालेलं असतं.

विंड शिअर म्हणजे खालच्या आणि वरच्या थरांतल्या वाऱ्यांमधली तफावत. दीड किलोमीटर आणि बारा किलोमीटर उंचीवरचे वारे वेगळ्या दिशांना, वेगळ्या वेगाने वाहत असतील, तर साठलेला उष्णतेचा स्तंभ तिरपा होतो. खालचा भोवरा एकीकडे आणि वरचे ढग शंभर किलोमीटर दुसरीकडे. फरक ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरच्या आत असला तर ठीक. जुलै-ऑगस्टमध्ये उपसागर उबदार असतो, ओलावाही मुबलक असतो, तरी मोठी चक्रीवादळं होत नाहीत ती यामुळेच. खाली मान्सूनचे पश्चिमी वारे आणि वर पूर्वेकडून येणारा जोरदार झोत. त्या काळात तयार होणारी क्षेत्रं डिप्रेशनपर्यंत, म्हणजे चक्रीवादळाच्या अलीकडच्या पायरीपर्यंत, चढतात आणि किनारा ओलांडून आपल्याकडे पाऊस देतात. आपल्या शेतीचं भाग्य या तफावतीवर बरंच अवलंबून आहे. मान्सूनच्या आधी मे महिन्यात आणि तो परतताना ऑक्टोबर ते डिसेंबर ही तफावत ढिली पडते. आपल्या दोन्ही समुद्रांचा वादळी हंगाम तोच.

मध्याच्या उबदार स्तंभात हवा हलकी असते, म्हणून खालचा दाब उतरतो. दाब उतरला की चहूकडून हवा आत येते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळते. कथ्थक नर्तकी गिरकी घेताना पसरलेले हात जवळ ओढते तेव्हा वेग वाढतो, तसंच इथे होतं. आकडे घालून बघा. पंधरा अंश उत्तर अक्षांशावर, केंद्रापासून तीनशे किलोमीटरवर हवा स्थिर आहे. ती घर्षण न होता केंद्रापासून तीस किलोमीटरपर्यंत ओढली गेली, तर तिचा वेग ताशी सुमारे दोनशे किलोमीटर होईल. तिच्यात आधी काहीच वेग नव्हता, फक्त पृथ्वीबरोबर होणारं फिरणं होतं. प्रत्यक्षात समुद्राचं घर्षण त्यातलं पुष्कळ खातं. तरी एवढा वेग येतो कुठून, याचं उत्तर या गणितात आहे.

वारा वाढला की बाष्पीभवन वाढतं, बाष्प वाढलं की ढगात जास्त उष्णता सुटते, दाब आणखी उतरतो, वारा आणखी वाढतो. मग हे थांबतं कुठे? समुद्राकडून मिळणारी उष्णता साधारण वाऱ्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढते, पण घर्षणात जाणारी ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट झाला तर कमाई दुप्पट आणि खर्च आठपट. कमाई-खर्चाचा मेळ बसला की वादळाची कमाल गाठली गेली. हा मेळ किती वेगावर बसेल ते समुद्राचं तापमान आणि पंधरा-सोळा किलोमीटर उंचीवरच्या हवेचं तापमान यांच्यातल्या फरकावर ठरतं. अमेरिकी शास्त्रज्ञ केरी इमॅन्युएल यांनी १९८०च्या दशकात हे गणित मांडलं. नोंदलेल्या वादळांत दाबाचा नीचांक १९७९ सालच्या पॅसिफिकमधल्या टिप टायफूनचा, ८७० हेक्टोपास्कल. नेहमीचा दाब १०१० च्या आसपास असतो हे लक्षात घ्या. वाऱ्याचा उच्चांक २०१५ सालच्या पॅट्रिशिया हरिकेनचा, ताशी सुमारे ३४५ किलोमीटर. टायफून, हरिकेन आणि आपलं चक्रीवादळ हे एकच, समुद्राप्रमाणे नावं बदलतात. सायक्लोन हा इंग्रजी शब्द मात्र आपल्या देशात घडला, कोलकात्यात, एकोणिसाव्या शतकात हेन्री पिडिंग्टन या अधिकाऱ्याने तो सुचवला.

वेग पुरेसा वाढला की आत येणारी हवा केंद्रापर्यंत पोचूच शकत नाही, भोवतीच फिरत राहते आणि एका कड्यात सरळ वर चढते. ती डोळ्याभोवतीची भिंत. सगळ्यात जोराचा वारा आणि सगळ्यात दाट पाऊस तिथेच. वर गेलेल्या हवेपैकी बहुतेक बाहेर पसरते, थोडी मध्यभागी खाली उतरते. उतरताना दाबली जाऊन तापते, ढग विरतात आणि डोळा उघडतो. दहा किलोमीटर उंचीवर डोळ्यातली हवा भोवतालच्या हवेपेक्षा दहा अंशांनी किंवा त्याहूनही जास्त उबदार असू शकते. डोळ्याचा व्यास बहुधा तीस ते साठ किलोमीटर. किनाऱ्यावरच्या माणसाला तो फार दगा देतो. वारा पडतो, आकाश उघडतं, लोक घराबाहेर येतात. अर्ध्या-पाऊण तासात भिंतीची दुसरी बाजू येते आणि वारा बरोबर उलट्या दिशेने सुटतो. पहिल्या वाऱ्याने खिळखिळी झालेली भिंत किंवा छप्पर या दुसऱ्या वाऱ्यात जातं.

वादळाच्या खाली समुद्रातही उलथापालथ चालू असते. जोराचा वारा पाणी घुसळतो, खालचं गार पाणी वर आणतो. वादळाच्या मागे समुद्र दोन-तीन अंशांनी, कधी त्याहून जास्त गार झालेला उपग्रहाला दिसतो. वादळ एकाच जागी रेंगाळलं, तर त्याने आपल्याच चुलीत पाणी ओतलं म्हणायचं. म्हणूनच गरम पाण्याचा थर किती जाड आहे याला पृष्ठभागाच्या तापमानाइतकंच महत्त्व. पण बंगालच्या उपसागराची तऱ्हा वेगळी आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी यांचं गोडं पाणी तिथे येतं. ते हलकं, म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगतं. या थरामुळे घुसळण खोलवर जात नाही, गार पाणी वर यायला अडचण होते आणि पृष्ठभाग उबदार राहतो. आपली नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता, आणि प्राणहिता गोदावरीला. पावसाळ्यात आपल्या नाल्यांतून वाहून गेलेलं पाणी ऑक्टोबरातल्या वादळाखालच्या त्या थरात असतं. मला हा धागा फार महत्त्वाचा वाटतो.

हवामान खात्याची वर्गवारी वाऱ्याच्या तीन मिनिटांच्या सरासरी वेगावर ठरते. ताशी ३१ ते ४९ किलोमीटर डिप्रेशन, ५० ते ६१ डीप डिप्रेशन, ६२ पासून चक्रीवादळ, आणि नाव मिळतं ते इथे. पुढे ८९ पासून तीव्र, ११८ पासून अति तीव्र, १६७ पासून अत्यंत तीव्र आणि २२२ पासून वर सुपर सायक्लोन. या पायऱ्या सारख्या अंतराच्या वाटल्या, तरी नुकसान तसं वाढत नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. शंभरचा वारा दोनशे झाला तर पत्र्यावरचा जोर चौपट.

समुद्राच्या मध्यात हा वेग मोजतो कोण? तिथे जहाज नसतं, असेल तर पळ काढत असतं. उपग्रहाच्या चित्रावरून अंदाज बांधायची पद्धत व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७०च्या दशकात बसवली. ढगांचा पट्टा केंद्राभोवती किती वेढे घेतो, डोळा किती उबदार, भोवतालचे ढगमाथे किती गार, यावरून वादळाच्या तीव्रतेचा टी-क्रमांक देतात. दीड म्हणजे डिप्रेशन, अडीच म्हणजे चक्रीवादळ, चार म्हणजे अति तीव्र. आजही आपल्याकडे मुख्य भिस्त त्यावर आहे.

वादळ कुठे जाणार, हे त्याच्या भोवतीचे वारे ठरवतात. नदीत पडलेल्या भोवऱ्यासारखं ते वाहत जातं. मध्य भारतावर पाच-सहा किलोमीटर उंचीवर जास्त दाबाचा पट्टा कुठे आणि किती ताकदीचा आहे, यावर वादळ आंध्रात शिरणार की वळून बांगलादेशाकडे जाणार हे अवलंबून असतं. तो पट्टा मोजायचं काम नागपुरातही होतं. सोनेगावच्या केंद्रातून सकाळी आणि संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणासाठी हायड्रोजनचा फुगा सोडतात. त्याच्या खाली लटकलेला छोटा डबा तापमान, आर्द्रता, दाब आणि वारा कळवत वर जातो. हवा विरळ होत जाते तसा फुगा फुगत जातो आणि शेवटी फुटतो. देशभरातल्या अशा फुग्यांचे आकडे संगणकीय प्रारूपांत गेले की मार्गाचा अंदाज सुधारतो. चोवीस तास आधीच्या मार्गाच्या अंदाजातली सरासरी चूक आता शंभर किलोमीटरच्या आत आली आहे. तीव्रतेचा अंदाज मात्र अजून अवघड आहे. चोवीस तासांत ताशी पंचावन्न किलोमीटरने वेग वाढला तर त्याला झपाट्याची तीव्रता म्हणतात. २०१७ सालच्या ओखीने कन्याकुमारीजवळ अशीच घाई केली, आणि खोल समुद्रात गेलेल्या शेकडो मच्छीमारांना परतायला वेळच मिळाला नाही.

किनाऱ्यावर येताना पाणी पुन्हा पुढे होतं. दाब एक हेक्टोपास्कल उतरला की समुद्राची पातळी एक सेंटिमीटर चढते. म्हणजे शंभरने उतरला तरी एकच मीटर. बाकीचं पाणी वारा ढकलून आणतो, आणि किनारा उथळ असेल तर त्याला पसरायला जागा न मिळाल्याने ते उंच होत जातं. आपल्या गोलार्धात वादळाच्या मार्गाच्या उजव्या बाजूला ही उधाणलाट जास्त असते, कारण फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग तिथे एकमेकांत मिळतात. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला वादळाने आजच्या बांगलादेशात किमान तीन लाख माणसं नेली, ती मुख्यतः या लाटेने. २९ ऑक्टोबर १९९९ ला पारादीपजवळ आलेल्या सुपर सायक्लोनमध्ये ओडिशात सुमारे दहा हजार माणसं दगावली. एरसमा भागात समुद्र कित्येक किलोमीटर आत शिरला होता. त्याच ओडिशात गोपाळपूरजवळ १२ ऑक्टोबर २०१३ ला फायलिन आलं. वादळ अत्यंत तीव्र होतं, पण आठ-दहा लाख लोक आधीच हलवलेले होते. मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. मधल्या चौदा वर्षांत किनाऱ्यावर निवारे बांधले गेले, आणि कोणत्या गावाने कोणत्या रस्त्याने कुठे जायचं हे ठरवून ठेवलं गेलं.

जमिनीवर आलं की वाफ मिळणं थांबतं आणि घर्षण वाढतं. दहा-बारा तासांत वारा निम्म्यावर येतो. बातम्यांत वादळ ओसरलं असं म्हणतात आणि आपलं लक्ष उडतं. वारा ओसरतो हे खरं, पण हवेत वर चढवलेलं पाणी अजून तिथेच असतं. गुलाब वादळ २६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं. वारा ताशी पंचाऐंशीपर्यंत, म्हणजे वादळ म्हणून साधंच. दुसऱ्या दिवशी ते तेलंगणावर डिप्रेशन झालं, मग नुसतं कमी दाबाचं क्षेत्र. पण पावसाळ्याअखेरची जमीन ओली होती आणि ओली जमीनही थोडीफार वाफ पुरवते. विदर्भाच्या दक्षिण भागात आणि मराठवाड्यात पाऊस कोसळला. २८ तारखेला उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावर पुराचं पाणी पुलावरून वाहत असताना एसटी बस वाहून गेली, माणसं गेली. हाच अवशेष गुजरातकडून अरबी समुद्रात उतरला, उबदार पाणी मिळताच पुन्हा उठला आणि शाहीन या नव्या नावाने ३ ऑक्टोबरला ओमानवर आदळला. २०१४ साली विशाखापट्टणमला आलेलं हुदहुद असंच छत्तीसगढमार्गे उत्तरेकडे गेलं आणि नेपाळमध्ये बर्फाचं वादळ होऊन चाळीसहून जास्त माणसांचा जीव घेऊन गेलं.

हवामान खात्याची सूचना चार टप्प्यांत येते. बहात्तर तास आधी पूर्वसूचना, अठ्ठेचाळीस तास आधी सावधगिरीचा इशारा, चोवीस तास आधी धोक्याचा इशारा, आणि सुमारे बारा तास आधी, वादळ जमिनीवर आल्यानंतर काय होईल याचा अंदाज. पहिले तीन किनाऱ्यासाठी. चौथा आपल्यासाठी आहे आणि आपल्याकडे तो फारसा कुणी वाचत नाही. त्यात आतल्या जिल्ह्यांची नावं आणि पावसाचं प्रमाण दिलेलं असतं. जोरदार म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून, अति जोरदार ११५.६ पासून, आणि २०४.५ च्या वर अतिवृष्टीचा शेवटचा टप्पा. वादळ आंध्र किंवा दक्षिण ओडिशाच्या किनाऱ्याला लागणार असेल आणि पुढची दिशा वायव्य असेल, तर चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळला पाऊस पोचायला एक-दीड दिवस मिळतो. कापलेलं सोयाबीन ढीग लावून ताडपत्रीखाली घ्यायला, फुटलेला कापूस वेचायला तेवढा वेळ पुरतो. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत आलं तरी वाहत्या प्रवाहात मोटार तरंगू लागते, आणि रपटा खालून खचलाय की नाही हे वरून दिसत नाही. पाऊस थांबल्यावरही नाला लगेच उतरत नाही. वरच्या पाणलोटातलं पाणी यायला आणखी काही तास लागतात, त्यामुळे कितीदा सगळ्यात मोठा लोंढा ऊन पडल्यावर येतो.